यंत्र जागे आहे, आता तुम्ही झोपा

रात्रीचे दोन वाजलेले. धर्मापुरीतल्या एका घरात साठीचा शेतकरी अंथरुणावर उठून बसला आहे. उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. तो नाडी मोजतो. साठ भरते. पुन्हा मोजतो, पुन्हा साठ. तिसऱ्यांदा मोजताना मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि अंगाला घाम फुटतो.

तीन महिन्यांपूर्वी त्याच्या छातीत पेसमेकर बसवला. त्याआधी तो चक्कर येऊन दोनदा बांधावर पडला होता. आता चक्कर येत नाही, धाप लागत नाही. तपासणीला गेला की ‘बॅटरी चांगली, तारा जागेवर, सगळे उत्तम’ असे सांगतात. तरीही तो शेताकडे फिरकत नाही. मोबाईल वाजला तर दुसऱ्याला घ्यायला लावतो. नातवाला कडेवर घेत नाही. डावा हात पोटाशी धरून ठेवल्याने खांदा आखडला आहे. पाणी घ्यायला उठला तरी मुलगा म्हणतो, “आबा, तुमी कामून उठालाव? बसा बरं.”

ही गोष्ट एका माणसाची नाही. पेसमेकर किंवा त्याच जातीचे दुसरे यंत्र घेऊन जगणाऱ्या अनेकांच्या घरात थोड्याफार फरकाने हेच दिसते. हृदयाचा प्रश्न सुटलेला असतो, भीतीचा सुटलेला नसतो. तपासणीत यंत्राला विचारले जाते, ते धरून चालणाऱ्या माणसाला मात्र फारसे कोणी विचारत नाही.

दोन यंत्रे, दोन कामे

आपले हृदय मिनिटाला सरासरी 72 ठोके या हिशेबाने दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. त्यासाठी लागणारा विजेचा हलका संकेत हृदयातच तयार होतो आणि ठराविक वाटेने खाली उतरतो. वयोमानाने किंवा आजाराने हा संकेत मंदावला अथवा वाटेत अडला, तर ठोके कमी पडतात. मेंदूला रक्त कमी मिळते आणि माणूस चक्कर येऊन पडतो. पेसमेकर येथे कामाला येतो. काडेपेटीपेक्षा फार मोठे नसलेले हे यंत्र छातीच्या वरच्या भागात, कातडीखाली बसवतात. त्याच्या बारीक तारा शिरेतून हृदयापर्यंत जातात. हृदयाने स्वतःहून ठोका दिला तर यंत्र गप्प राहते, नाही दिला तर ते संकेत देते.

दुसरे यंत्र म्हणजे आयसीडी. काही रुग्णांचे हृदय अशक्त झालेले असते किंवा त्यांच्या हृदयाची घडणच अशी असते, की ठोके एकाएकी बेफाम वेगाने पडू लागण्याचा धोका असतो. अशा वेळी हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही आणि काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. आयसीडी ठोक्यांवर सतत लक्ष ठेवते. आधी जलद संकेत देऊन ठोके ताळ्यावर आणण्याचा प्रयत्न करते; तेवढ्याने जमले नाही तर आतूनच विजेचा झटका, म्हणजे शॉक देते. माणूस शुद्धीवर असेल तर छातीत कुणीतरी लाथ घातल्यासारखे वाटते.

या दोन यंत्रांत लोक नेहमी गल्लत करतात. साधा पेसमेकर शॉक देत नाही. शेजारच्या गावातल्या कुणाला आयसीडीचा शॉक बसल्याचे ऐकून साधा पेसमेकर असलेला माणूस वर्षभर धास्तीत राहतो. म्हणून आपल्या छातीत नेमके कोणते यंत्र आहे, हे प्रत्येक रुग्णाने आणि घरातल्या निदान एकाने विचारून घ्यावे. निम्मी भीती तिथेच उतरते.

पहिला रुग्ण 43 वर्षे जगला

शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर स्वीडनमधल्या अर्ने लार्सन यांना मिळाला. तारीख होती 8 ऑक्टोबर 1958. तेव्हा ते 43 वर्षांचे होते आणि ठोके थांबल्यामुळे दिवसातून अनेक वेळा बेशुद्ध पडत. त्यांच्या पत्नीने शल्यचिकित्सक आके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्याकडे हट्ट धरला, तेव्हा कुठे हे यंत्र तयार झाले. ते काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. पुढे आयुष्यभरात लार्सन यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले. ते 2001 साली, वयाच्या 86 व्या वर्षी वारले, आणि तेही हृदयाने नव्हे, कर्करोगाने. ज्यांनी यंत्र बनवले आणि ज्यांनी ते बसवले, त्या दोघांच्या निधनानंतरही ते हयात होते.

आजची यंत्रे त्या पहिल्या यंत्राच्या कितीतरी पुढे गेली आहेत. पेसमेकरची बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे टिकते. ती दिव्यासारखी एकाएकी विझत नाही. ती संपत आल्याचा इशारा काही महिने आधीच तपासणीत मिळतो आणि यंत्र बदलायला वेळ हाती असतो. तपासणीची तारीख चुकवायची नाही, ती याचसाठी.

शॉक आणि शॉकची भीती

मनावर सर्वाधिक ताण असतो तो आयसीडीवाल्यांच्या. जगभरच्या शंभराहून अधिक अभ्यासांतील सुमारे 40 हजार रुग्णांची माहिती एकत्र करून 2023 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आयसीडी असलेल्या पाचांपैकी साधारण एकाला उपचार लागावेत एवढी चिंता, सुमारे सातांपैकी एकाला नैराश्य आणि आठांपैकी एकाला मोठ्या आघातानंतर दिसणारा मानसिक त्रास असल्याचे आढळले. ज्यांना प्रत्यक्ष शॉक बसला होता त्यांच्यात चिंतेचे प्रमाण बरेच अधिक होते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. शॉक सांगून येत नाही. मोटारसायकलवरून जाताना शॉक बसला की माणूस मोटारसायकल सोडतो. जेवताना बसला की त्या जागी जेवायला बसत नाही. अंघोळ करताना बसला की दार लावून अंघोळ करणे बंद होते. शॉकचा आणि त्या जागेचा संबंध नसतो, पण मन तो जोडते. असे करता करता माणसाचा वावर घरातल्या एका खोलीपुरता उरतो.

काहींना झोपेतून दचकून जाग येते आणि शॉक बसल्याची खात्री वाटते. तपासणीत यंत्राची नोंद पाहिली तर शॉक दिलेलाच नसतो. याला भासमान शॉक म्हणतात. रुग्ण खोटे बोलत नसतो, त्याला तसे खरोखर जाणवलेले असते. मन किती टांगणीला लागले आहे याची ती खूण आहे आणि डॉक्टरांनी ती तशीच वाचायला हवी.

भीतीला आणखी एक वाट मिळते. मन घाबरले की ठोके वाढतात. ठोके वाढले की आता शॉक बसणार असे वाटते आणि मन आणखी घाबरते. प्रत्यक्षात आयसीडी बहुधा याहून कितीतरी जास्त वेगाला जागी होईल अशी बसवलेली असते. जिना चढल्याने, रागाने किंवा घाबरल्याने वाढलेले ठोके वेगळे ओळखण्याची सोयही तिच्यात असते. अनावश्यक शॉक कधीच बसत नाही, असे नाही. तो बसू शकतो. पण त्यावर उपाय आहे. मॅडिट-आरआयटी या 1,500 रुग्णांच्या अभ्यासाने 2012 मध्ये दाखवून दिले, की यंत्राची मांडणी विचारपूर्वक बदलली तर असे अनावश्यक उपचार खूप कमी होतात. म्हणून शॉक बसला तर तो गुपचूप सोसू नये. यंत्र तपासून घ्यावे.

खर्चाचे ओझेही मनावर

बीडसारख्या जिल्ह्यात भीतीच्या जोडीला पैसा येतो. आयसीडी महाग आहे. ‘माझ्यापायी पोरांनी कर्ज काढले’ हा विचार माणसाला आतून पोखरतो आणि तो तपासणीला जाणेही टाळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी चौकशी केली तर कर्ज टळू शकते.

या यंत्राचे मोल काय, हे मुंबईतल्या एका अभ्यासातून दिसते. तेथील होली फॅमिली रुग्णालयात, नवे यंत्र न परवडणाऱ्या 81 गरीब रुग्णांना आधी वापरलेल्या आणि पुन्हा निर्जंतुक केलेल्या आयसीडी बसवल्या गेल्या. त्याचा अहवाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्ग झाल्याचे आढळले नाही आणि निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये यंत्राने धोक्याच्या ठोक्यांवर वेळेवर उपचार केला. योग्य वेळी बसलेला शॉक म्हणजे हृदय हरल्याची नव्हे, यंत्र वेळेवर धावून आल्याची खूण असते. रुग्णाला हे कुणीतरी शांतपणे, दोन-तीनदा समजावून सांगायला हवे. शस्त्रक्रियेच्या दिवशी एकदा घाईत सांगितलेले डोक्यात राहत नाही.

ऐकीव पथ्ये आणि खरी पथ्ये

रुग्णाला घरात बसवून ठेवणारी बरीचशी पथ्ये डॉक्टरांनी सांगितलेलीच नसतात. ती पारावर तयार होतात. खरी पथ्ये मोजकी आहेत.

मोबाईल वापरता येतो. तो यंत्रापासून निदान 15 सेंटिमीटर, म्हणजे वीतभर दूर ठेवावा. शर्टाच्या त्याच बाजूच्या खिशात ठेवू नये, दुसऱ्या कानाला लावावा. दूरदर्शन संच, मिक्सर, फ्रिज, पंखा यांचा त्रास नाही. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर राखावे. मंदिराच्या किंवा बसस्थानकाच्या दाराशी धातूशोधक चौकट असेल तर तिच्यातून नेहमीच्या चालीने पुढे जावे, तिथे रेंगाळू नये. हातातले तपासणी यंत्र छातीवरून फिरवू नका असे सांगावे. मिरवणुकीतल्या मोठ्या स्पीकरना छाती लावून उभे राहू नये. वेल्डिंग करणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काम सुरू करू नये. शेतातली मोटर चालू-बंद करायला हरकत नसते, पण वायरिंग आणि अर्थिंग नीट असावे आणि चालू मोटरवर किंवा इंजिनवर ओणवे होऊ नये. एमआरआय करायची वेळ आली तर आधी यंत्राचे कार्ड दाखवावे. नव्या यंत्रांपैकी अनेक यंत्रे काही अटींवर एमआरआयला चालतात.

हाताचे पथ्य मात्र मुदतीचे असते. पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये आणि जड उचलू नये, कारण तारा हृदयात नीट रुजायच्या असतात. त्यानंतर हात हलवलाच पाहिजे. भीतीने पोटाशी धरून ठेवलेला हात आखडतो आणि मग तेच दुखणे ‘पेसमेकरचे’ म्हणून मिरवते.

ऊसतोड करणाऱ्यांनी एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीच सांगावी: कोयता कोणत्या हाताने चालवतो आणि मोळी कोणत्या खांद्यावर घेतो. यंत्र शक्यतो त्याच्या विरुद्ध बाजूला बसवता येते. पुन्हा फडात कधी जायचे, की दुसरे काम पाहायचे, हेही त्याच वेळी मोकळेपणाने विचारावे. काम सुटण्याची भीती हा तरुण रुग्णांच्या खचण्यामागचा मोठा भाग असतो.

पदराआड लपवलेला उंचवटा

स्त्रियांचे दुखणे अनेकदा बोललेच जात नाही. ब्लाउजच्या काठाशी दिसणारा व्रण आणि कातडीखालचा उंचवटा त्या पदराने झाकतात, बायकांतही मोकळेपणाने बसत नाहीत. जन्मतःच हृदयाच्या वाटेत अडथळा असल्यामुळे तरुणपणी पेसमेकर बसवलेल्या मुलींची तर वेगळीच परीक्षा असते. लग्न जमवताना घरचे सांगतात, ‘हे बोलायचे नाही.’ मग सासरी गोळी लपवायची, तपासणीची तारीख लपवायची आणि दडपणाखाली जगायचे, असे सुरू होते. पेसमेकर असलेल्या अनेक स्त्रिया योग्य देखरेखीखाली सुखरूप बाळंत होतात. यंत्र हा काही दोष नाही. लपवल्याने मात्र धोका वाढतो, कारण अडचणीच्या वेळी डॉक्टरांना काय सांगायचे हेच घरात कुणाला ठाऊक नसते. यंत्राची जागा ठरवताना उंचवटा कमी दिसेल असा विचार करता येतो का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे.

पती-पत्नीचे नाते हाही असाच न विचारलेला प्रश्न. जखम भरल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर बहुतेक जोडप्यांना शरीरसंबंधांत अडचण नसते. शॉक बसला त्या क्षणी जोडीदाराचा स्पर्श झालेला असला तर फार तर हलकी झिणझिणी जाणवते, त्याला अपाय होत नाही. हे कुणी सांगितले नाही म्हणून वर्षानुवर्षे वेगळे झोपणारी जोडपी असतात.

मरणाबद्दलचा प्रश्न

वयस्क रुग्णांच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो ते मुलांपुढे काढत नाहीत: ‘हे यंत्र चालूच राहिले तर माझा जीव सुखाने जाईल का?’ उत्तर असे, की पेसमेकर फक्त संकेत देतो. आयुष्याच्या अखेरीस हृदयाचा स्नायूच थकला की तो त्या संकेताला उत्तर देत नाही. पेसमेकर माणसाचे मरण अडवून धरत नाही. आयसीडीच्या बाबतीत, दुसऱ्या आजाराने अंत जवळ आला असेल तर रुग्णाशी व कुटुंबाशी बोलून शॉक देण्याचे काम बंद करता येते. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही आणि तो बंद केल्याने लगेच मृत्यू येत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांना माहीत हवी. दहनाआधी यंत्र काढून घ्यावे लागते, नाहीतर आगीत त्याची बॅटरी फुटू शकते. मृत्यूनंतर जवळच्या डॉक्टरांना तसे कळवावे. हे बोलणे अशुभ नाही. यंत्राचे कार्ड कुठे ठेवले आहे, हे ज्या घरात दोघांना ठाऊक असते त्या घरात ऐन वेळी धावपळ कमी होते.

काय करायचे ते आधीच ठरवा

भीती कमी करण्याचा साधा उपाय म्हणजे शॉक बसला तर काय करायचे ते आधीच ठरवून, कागदावर लिहून भिंतीला लावणे. एक शॉक बसला आणि नंतर बरे वाटत असेल तर शांत बसावे आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावे. चोवीस तासांत दोन किंवा अधिक शॉक बसले, अथवा एका शॉकनंतरही छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, शुद्ध हरपली असेल, तर लगेच 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पेसमेकरवाल्यांनी पुन्हा चक्कर आली, जखमेच्या जागी लाली, सूज किंवा पू दिसला, ताप आला, तर वाट पाहू नये.

रोज दहा वेळा नाडी मोजल्याने मात्र सुरक्षितता वाढत नाही. मनगटाला एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, तो बहुधा वेळेआधी पडलेला हलका ठोका असतो आणि निरोगी माणसांतही आढळतो. मोजायचीच असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढीच मोजावी.

मनाची तपासणी दोन प्रश्नांनी सुरू होते. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश राहिले का? आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, झोप उडाली असेल किंवा भीतीने घराबाहेर पडणे थांबले असेल, तर मदत घ्यावी. विचारांची आणि वागण्याची दिशा हळूहळू बदलणारे समुपदेशन, श्वासाचे सोपे व्यायाम आणि टाळलेल्या गोष्टींकडे टप्प्याटप्प्याने परतणे यांचा चांगला उपयोग होतो. काहींना गोळ्या लागतात. मनोविकाराच्या काही औषधांचा ठोक्यांवर परिणाम होतो, म्हणून छातीत यंत्र असल्याचे त्या डॉक्टरांना आधी सांगावे. आपल्या मनाने गोळी सुरू करू नये, बंदही करू नये.

धर्मापुरीच्या माणसाला यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकृतीशास्त्र विभाग आहे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवस-रात्र मोफत बोलता येते, मराठीतही. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. छातीतल्या तारेची तपासणी करतो, तशीच ही तपासणी.

घरच्यांचे कामही थोडके नाही. जपणे आणि जखडून ठेवणे यांत फरक आहे. ‘बसा’ म्हणण्याऐवजी ‘चला, बांधापर्यंत जाऊन येऊ’ म्हणावे. पहिल्या दिवशी घरापासून कोपऱ्यापर्यंत, आठवड्याने केदारेश्वराच्या देवळापर्यंत, महिन्याने शेतापर्यंत. सोबत कुणीतरी असावे आणि खिशात यंत्राचे कार्ड असावे. रुग्णाचे जोडीदारही रात्री जागत असतात, म्हणून तपासणीला दोघांनी मिळून जावे आणि प्रश्न दोघांनी विचारावेत.

रात्री दोन वाजता नाडी मोजत बसलेल्या त्या शेतकऱ्याला कुणीतरी एवढेच सांगायचे राहून गेले आहे: राखणीचे काम आता त्याचे नाही. आत एक राखणदार बसवला आहे, तो दिवसा-रात्री प्रत्येक ठोका बघतो. यंत्र जागे आहे. आता झोपायला हरकत नाही. आणि एवढे कळूनही झोप येतच नसेल, तर पुढच्या तपासणीला यंत्राबरोबर तेही डॉक्टरांना सांगावे.